वाळू आधी, खोल्या नंतर : मॉरिशसमधल्या एका हॉटेलच्या नूतनीकरणाच्या नोंदी

12 मे 2025

काल दुपारी शेवटचे पाहुणे निघाले आणि आज सकाळी हॉटेलच्या किल्ल्या आमच्या ताब्यात आल्या. ठिकाण मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर, बेल मार आणि त्रू दो दूस या गावांच्या मध्ये. बांधकाम 1980च्या दशकातलं. समुद्राकडे तोंड केलेल्या दुमजली खोल्यांच्या तीन रांगा, मध्ये उसाच्या पाचटाने शाकारलेला स्वागताचा मोठा मंडप, मागे बाग आणि बागेच्या कुंपणापलीकडे ऊस.

इथे आता हिवाळा लागतो आहे. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून पुढे, पाहुण्यांची गर्दी ऑक्टोबरपासून. म्हणजे छप्पर उघडं टाकायला आणि जड कामं उरकायला जून ते सप्टेंबर एवढाच काळ हाताशी आहे. गॅरान्स चक्रीवादळ 28 फेब्रुवारीला शेजारच्या रेयुनियन बेटावर आदळलं, त्याची धास्ती इथल्या प्रत्येकाच्या मनात अजून ताजी आहे. वेळापत्रक एवढं घट्ट का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मालकांच्या मागण्यांची पहिलीच ओळ अशी : पाहुण्याला खोलीतून उतरल्याबरोबर पाण्यात पाय टाकता आला पाहिजे. संध्याकाळी टेप घेऊन पहिली रांग मोजली. उधाणाच्या भरतीरेषेपासून ओटा 14 मीटरवर, उत्तरेच्या टोकाला तर 11. देशाच्या 2004 सालच्या नियोजन मार्गदर्शिकेप्रमाणे नव्या बांधकामाने 30 मीटर सोडायचे असतात. हे हॉटेल त्याच्या आधीचं. मूळ आराखड्यावर हाच ओटा भरतीरेषेपासून जवळजवळ दुप्पट लांब दाखवला आहे. इमारत जागची हललेली नाही, किनारा आत आला आहे. या कामात सगळ्यात आधी याचं उत्तर शोधायला हवं. गाद्या, पडदे, नळ यांच्या याद्या नंतर.

19 मे

पहिल्या रांगेचं प्लास्टर ठिकठिकाणी फोडून पाहिलं. आतल्या वाळूत शिंपल्यांचे आणि पोवळ्याचे पांढरे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही लगूनची वाळू. मॉरिशसमध्ये कैक वर्षं घरं, शाळा, हॉटेलं याच वाळूने बांधली गेली. प्रवाळखडकाच्या आतल्या उथळ पाण्यातून ती होड्या भरभरून उपसली जायची. 2001 साली सरकारने हा उपसा बंद केला. तेव्हापासून काळा दगड दळून केलेली क्रश सँड वापरतात.

समुद्रातल्या वाळूबरोबर मीठ येतं. ती नीट धुतली नाही तर क्लोराइड काँक्रीटच्या आतच राहतं, सळईवरचा संरक्षक थर मोडतं, आणि मग गंज चढत जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो सळईवरचा काँक्रीटचा थर आतून ढकलून पाडतो. सळईच्या गंजासाठी जी अर्ध-सेल चाचणी करतात, तिच्यात पहिल्या रांगेतले बहुतेक आकडे उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेले. याचा अर्थ गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक. मागच्या दोन रांगांची तब्येत पुष्कळ बरी आहे. तिथे सैल भाग काढून, सळया घासून, सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड बसवून केलेली दुरुस्ती टिकेल.

आमचा मुकादम इथलाच. त्याचे पूर्वज कोकणातून आलेले. तो फोडलेल्या प्लास्टरचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहत होता. त्याचे वडील तरुणपणी वाळूच्या होडीवर कामाला होते. म्हणाला, "ताई, बाबांनी काढलेली वाळू यात असेलही." किनाऱ्यावरची वाळू का घटली याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक या भिंतींच्या आतच सापडलं.

28 मे

आज दिवसभर एकाच विषयावर बैठक : बांध. उत्तरेच्या टोकाला पूर्वी कधीतरी तारेच्या जाळ्यांत काळे दगड भरून बांध घातलेला आहे. तारा गंजून तुटल्यात, दगड वाळूत पसरलेत. मालकांच्या बाजूचा प्रस्ताव असा, की तो काढून तिथे मोठ्या शिळांचा उंच बांध घालावा आणि पहिली रांग आहे तिथेच वाचवावी.

मी विरोध केला आणि जमेल तितक्या सविस्तर केला. उतरत्या वाळूवर लाट चढते, पसरते, तिची ताकद वाळूत जिरते आणि परत जाताना ती थोडी वाळू मागे ठेवून जाते. उभ्या कठीण बांधावर लाट आपटते आणि तेवढ्याच जोराने माघारी फिरते. जाताना बांधाच्या पायथ्याची वाळू खरवडून नेते. बांधामागची इमारत काही वर्षं वाचते, बांधापुढचा किनारा जातो. शिवाय बांध जिथे संपतो तिथे शेजाऱ्याच्या हद्दीत धूप सुरू होते. या बेटाला सुमारे 322 किलोमीटरचा किनारा आहे, आणि जिथे जिथे असे बांध आहेत तिथे भरतीच्या वेळी चालायलाही वाळू उरत नाही, हे गाडीने एक फेरी मारली तरी दिसतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, त्यामुळे रोज दोनदा किनारा उघडा पडतो आणि त्याची घडण डोळ्यांना दिसते. इथे हा फरक जेमतेम अर्धा मीटर. किनारा अरुंद, आणि त्याला चूक सोसत नाही. प्रवाळ, शैवाल, पोवळं कुरतडून त्याची पूड बाहेर टाकणारा पोपटमासा यांनी मिळून ही पांढरी वाळू तयार केलेली. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. ट्रकने आणून ओतायची वस्तू ही नव्हे.

निर्णय झाला नाही. खर्चाची तुलना मागितली आहे.

11 जून

निर्णय झाला. पहिली रांग पाडायची. बदल्यात मागच्या बाजूला, जुन्या टेनिस कोर्टाच्या आणि वाहनतळाच्या जागेवर, अंगणाच्या नव्या खोल्या. एकूण खोल्या कमी होतील, प्रत्येक खोली मोठी होईल. भरतीरेषेपासून 30 मीटरच्या आत छप्पर असलेलं काहीही राहणार नाही.

काँक्रीटच्या अहवालाने अर्धं काम केलं : मिठाने आतून पोखरलेल्या रांगेच्या दुरुस्तीची हमी कोणताच कंत्राटदार घ्यायला तयार नव्हता. उरलेलं अर्धं वाऱ्याने केलं. मे ते ऑक्टोबर इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. पाहुण्यांचे जुने अभिप्राय काढले तर जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या रांगेबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते : सज्जात बसवत नाही, काचा लावून एसी चालू करावा लागतो. सगळ्यात महागड्या खोल्या वर्षातले चार-पाच महिने बंद डब्यासारख्या वापरल्या जात होत्या. मालकांच्या प्रतिनिधी बाईंनी तो गठ्ठा स्वतः वाचला आणि वादाचा सूर तिथेच बदलला.

नव्या खोलीचा आराखडा इथल्या जुन्या लाकडी घरांवरून घेतला आहे. त्या घरांना समोर खोल पडवी असते, उतरत्या छपराखाली, आणि घरातलं बहुतेक जगणं त्या पडवीतच चालतं. कोकणातल्या घराची ओटी आणि पडवी ज्या माणसाने पाहिली आहे त्याला हे निराळं सांगायला नको. आमच्या आराखड्यात पडवी वाऱ्याकडे पाठ करून आतल्या अंगणात उघडते. समुद्राकडच्या बाजूला कमरेइतकी काळ्या दगडाची भिंत आणि वर फिरत्या लाकडी झडपा. हिवाळ्यात झडपा लावा, उन्हाळ्यात उघडा, वारा आरपार जातो. समुद्र दिसतो पण झाडांमधून. पाण्यापर्यंत पोचायला मिनिटभर चालावं लागतं, आणि ती पायवाट नीट केली तर ती मिनिटभराची चाल पाहुण्याला हवीहवीशी वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

2 जुलै

पाडकाम सुरू. राडारोड्यातलं काँक्रीट दळून मागच्या रस्त्याच्या भरावाला वापरायचं. एकही ट्रक किनाऱ्याच्या बाजूने फिरवायचा नाही. लगूनच्या तोंडाशी गाळ अडवणारे पडदे लावले आहेत. बाकी सांगण्यासारखं काही नाही. धूळ, आवाज, पाऊस.

14 जुलै

शाकारणीचं काम चालू झालं. यावर थोडं लिहायलाच हवं.

स्वागताच्या मंडपाचं छप्पर पाचटाचं राहावं की प्लॅस्टिकच्या नकली पाचटाचं व्हावं, यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला. नकली पाचट जास्त वर्षं टिकतं, त्याला आगीचा धोका कमी, विमेदाराला ते आवडतं. पण दुपारच्या उन्हात ते तापतं, त्याला वास नसतो, आणि फाटलं की त्याचे तुकडे लगूनमध्ये जातात. मी खऱ्या पाचटाच्या बाजूने होते आणि आहे. छपराखाली फवाऱ्यांची पाइपलाइन आणि स्वयंपाकघरापासून पुरेसं अंतर, या दोन अटींवर ते मान्य झालं.

पाचट मिळवणं मात्र पूर्वीइतकं सोपं नाही. ऊसतोडणी जून ते डिसेंबर चालते, म्हणजे हंगाम आमच्या बाजूचा. पण यंत्राने तोडलेल्या उसाचं पाचट तुकडे होऊन शेतात पडतं. शाकारायला लांब, अखंड पात हवं, आणि ते हाताने तोडलेल्या उसातूनच मिळतं. ज्या उतारावर, ज्या दगडाळ शेतात यंत्र जात नाही, तिथे अजून कोयत्याने तोडणी होते. मुकादमाने असे शेतकरी शोधून काढले. पाचट वाळवून, झटकून, पेंढ्या बांधून येतं.

शाकारणारे तीन म्हातारे कारागीर आणि त्यांच्या हाताखाली मालागासी, म्हणजे मादागास्करची, आणि बांगलादेशी पोरं. सांगाडा निलगिरीच्या वाशांचा, उतार 45 अंशांच्या आसपास. त्याहून कमी ठेवला तर पाणी पाचटात मुरतं आणि ते कुजायला लागतं. खालून वर पेंढ्यांचे थर चढत जातात, प्रत्येक थर खालच्या थराची गाठ झाकतो. थराची जाडी हाताच्या वीतीने मोजतात. आमच्या आराखड्यात ती मिलिमीटरमध्ये लिहिली होती. थोरल्या कारागिराने कागद पाहिला, वीत लावली आणि मान डोलावली. दोन्ही जुळत होतं.

वादळाचं काय, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो रास्त आहे. 1960 सालच्या फेब्रुवारीत कॅरल चक्रीवादळात वाऱ्याचे झोत ताशी 256 किलोमीटरपर्यंत गेले, हजारो गवती आणि पत्र्याची घरं उडाली, आणि त्यानंतर या देशाने काँक्रीटच्या सपाट छपराची कास धरली ती आजतागायत. म्हणून इथे पाचट हे फक्त आच्छादन आहे. सांगाडा पोलादी पट्ट्यांनी पायापर्यंत बांधलेला, वरून जाळं ताणलेलं. मोठ्या वादळात पाचट गेलं तर जाईल, सांगाडा उभा राहील, आणि पुढच्या तोडणीला नवं पाचट चढेल.

31 जुलै

सुरूची झाडं. बेल मारच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, अलिबाग-दापोलीच्या माणसाला लगेच ओळखीचं वाटावं असं. पाहुण्यांना त्याची सावली आवडते, फोटोंत ती असते. पण सुरूची मुळं वरच्या वर पसरतात. वाळू सरकली की झाड आडवं होतं आणि पडताना वाळूचा ढिगारा उपटून घेतं. त्याच्या सुयांच्या जाड थराखाली दुसरं काही उगवत नाही. पुढच्या ओळीतली झाडं अर्धी कललेलीच आहेत.

सगळी तोडायची नाहीत. वाकलेली आणि धोक्याची तेवढी परवानगी घेऊन काढायची, बुंधे जागेवर ठेवायचे. त्यांच्यामध्ये किनाऱ्याची मूळची झाडं : सगळ्यात पुढे वाळूवर सरपटणारी बातात्रान, म्हणजे आपली मर्यादवेल; तिच्यामागे रुपेरी पानांची वेलूतिएची झुडपं; त्यामागे ताकामाका, आपल्या उंडीच्या कुळातलं; आणि खोल्यांच्या जवळ निळसर झावळ्यांचा लातानिए. मर्यादवेल वाऱ्याने उडणारी वाळू अडवते आणि तिथेच छोटी टेकाडं तयार करते. बागेच्या जुन्या माळ्यांना रोज पहाटे किनारा झाडून साफ करायची सवय आहे. त्यांच्याबरोबर बसून बोलले. वाळलेली पानं आणि वाहून आलेलं शेवाळ भरतीरेषेवर राहू द्यायचं, फक्त प्लॅस्टिक वेचायचं. थोरल्या माळ्याने लगेच विचारलं, "पाहुण्यांनी तक्रार केली तर बोलणी कोण खाणार?" प्रश्न बरोबर होता. व्यवस्थापकांकडून तसं लेखी घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

12 ऑगस्ट

पोहण्याच्या जागेतलं समुद्री गवत काढून तळ पांढरा शुभ्र करायचा, ही किनाऱ्यावरच्या हॉटेलांची जुनी पद्धत. मालकांच्या यादीत तेही होतं. यादीतून काढून टाकलं. गवताची मुळं तळाची वाळू धरून ठेवतात, पानं लाटेचा जोर कमी करतात, लहान मासे तिथेच वाढतात. पोहणाऱ्यांसाठी आधीच मोकळी असलेली एक पट्टी बोयांनी आखून दिली, तेवढी पुरे. बोटींचे नांगर बंद, त्याऐवजी कायमचे बांधणीचे बोये.

सांडपाण्याचा नवा प्रकल्पही याच भागात मोडतो. शुद्ध केलेलं पाणी बागेला जाईल, पण खताचा हिशोब त्याप्रमाणे कमी करावा लागेल, नाहीतर नायट्रेट वाळूतून झिरपून लगूनमध्ये उतरतं आणि प्रवाळावर शेवाळ माजतं.

29 ऑगस्ट

गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी संपवून आज काम सुरू झालं. इथे विसर्जन बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी होतं.

सुट्टीच्या आधी मुकादम विचारायला आला होता : गावातली मंडळी दरवर्षी आपल्या हद्दीला लागून असलेल्या वाटेने समुद्रावर मूर्ती नेतात, यंदा तिथे परांची आणि दगडांचे ढीग आहेत, काय करायचं? मॉरिशसमध्ये किनारा सगळ्यांचा, कुठलंही हॉटेल तो अडवू शकत नाही. पण वाट अरुंद केली, समोर पहारेकरी उभा केला, की न अडवताही अडतो. आम्ही दगड हलवले. त्याच निमित्ताने नकाशावर ती वाट दुप्पट रुंद केली, हॉटेलच्या कुंपणातून तेवढी पट्टी सोडली, आणि मालकांनीही ती मान्य केली.

मिरवणुकीत मीही होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसं इथे उसाच्या मळ्यांवर करारमजूर म्हणून आली, त्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, बोलतात, आरती मराठीत म्हणतात, आणि आपल्याकडच्या जाखडीसारखी झाकरी नाचतात. मुकादमाच्या आईने मोदक हातावर ठेवले आणि मला एकच विचारलं, "हॉटेल झाल्यावर आम्हाला पाण्यापर्यंत जाता येईल ना?" तिला नकाशाच दाखवला.

17 सप्टेंबर

नमुन्याची खोली तयार. अंगणाची भिंत बघण्यासारखी झाली आहे. दगड विकत घेतला नाही. उसाची शेतं साफ करताना शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेले काळ्या दगडांचे ढीग इथे जागोजाग आहेत, त्यातलाच परवानगीने उचलला. सह्याद्रीचा फत्तर आणि हा दगड, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त उगमातून आलेले : दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, मॉरिशस त्या मानाने अगदी तरुण. पाथरवटाने कमीत कमी टाकी लावून तो बसवला, सांधे बारीक, चुन्याचा गिलावा नाही.

दोन रात्री मालकांच्या माणसांनी या खोलीत राहून पाहिलं. वारा जोराचा होता. पडवीत मेणबत्ती विझली नाही. झडपांच्या बिजागऱ्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, स्वस्त प्रतीवर पंधरवड्यात तांबूस डाग आले. सगळ्या बदलून घ्यायच्या. न्हाणीघरातला उतार दक्षिणेच्या कोपऱ्यात कमी पडतो. दिवे अजून फार प्रखर आहेत, किनाऱ्याकडचे सगळे खाली वळवलेले आणि पिवळसर करायचे.

8 ऑक्टोबर

मागच्या दोन रांगांची दुरुस्ती पूर्ण. अंगणाच्या निम्म्या खोल्या तयार. मंडपाच्या छपरावर जाळं चढलं. बागेतल्या देशी बदामावर संध्याकाळी फळं खायला मोठी वटवाघळं येतात, या बेटांवरचीच जात. झाडाखालची बसायची जागा तेवढी दुसरीकडे हलवली.

3 नोव्हेंबर

पहिला टप्पा पाहुण्यांसाठी उघडला. जिथे पहिली रांग होती तिथे आता वाळू, मर्यादवेलीच्या कोवळ्या फांद्या आणि दोरी लावून राखलेली रोपं. काही पाहुण्यांनी समुद्रासमोरची खोली नाही म्हणून नाराजी दाखवली. दोघांनी अंगणातल्या खोलीचा मुक्काम वाढवून मागितला.

21 नोव्हेंबर

किनाऱ्याचा छेद पाच ठिकाणी मोजला, मे महिन्यातल्या त्याच खुणांवरून. दक्षिणेकडच्या तीन ठिकाणी वाळूची पातळी थोडी चढलेली, मधल्या ठिकाणी तशीच, उत्तरेला जिथे जुना बांध होता तिथे अजून घट. हिवाळ्यातल्या लाटांनंतर उन्हाळ्यात वाळू परत येतेच, त्यामुळे एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही. उत्तरेचे उरलेले दगड भरतीरेषेखाली रुतले आहेत, ते यंत्राने काढले तर गवताचा पट्टा उखडेल. हाताने, ओहोटीच्या वेळी, थोडे थोडे काढायचं ठरलं. मुकादमाची टोळी त्यासाठी जानेवारीपर्यंत थांबते आहे.

पुढची मोजणी पहिल्या मोठ्या वादळानंतर लगेच, आणि वादळ आलं नाही तर मार्चमध्ये. अंगणांमधल्या पाण्याच्या निचऱ्याच्या दोन वाहिन्यांचा उतार त्याआधी तपासायचा आहे.